दोन ठोक्यांचं उत्तर

३ फेब्रुवारी २०१४, वरठी

आजपासून मी पगारी माणूस. सकाळी शहापूरहून निघताना आईने डब्यात पोळीभाजीबरोबर दोन लाडू टाकले, पहिला दिवस म्हणून. वरठीत स्टेशनच्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर भुपेंद्रभाऊंचं ऑफिस आहे. एक खोली, एक कॉम्प्युटर, भिंतीवर मोठी स्क्रीन आणि एक पंखा, जो फक्त भाऊंच्या खुर्चीकडे बघतो.

भाऊंनी विचारलं, शिकला किती. डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट सुटलं, प्रोग्राम लिहायला मोबाइलवर वाचून शिकलो, असं खरं ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, आधी डिग्रीवाला होता, विनोद नावाचा, तो पळाला. तू टिकशील. तुले जायले जागा कुठं हाय.

काम समजून घेतलं. बोडीटोल्याच्या तलावावर भाऊंचे पंप आहेत, त्यांच्या पाण्यावर गावाचं उन्हाळी धान होतं. प्रत्येक पंपाच्या खोलीत एक पेटी, पेटीत सिम. शेतकरी ऑफिसात फोन करतो आणि आमचा कॉम्प्युटर त्या पेटीला मिस्ड कॉल देतो. मिस्ड कॉल मिळाला की मोटर बंद असेल तर चालू होते, चालू असेल तर बंद होते. मग पेटी उलट मेसेज पाठवते आणि स्क्रीनवर त्या पंपाचा चौकोन बदलतो. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद.

हा प्रोग्राम आता माझ्या ताब्यात. आजवर कोणी माझ्या हाती चालतं यंत्र दिलं नव्हतं. खूश आहे. ही रोजनिशी शुद्ध लिहायचं ठरवलं आहे. चुकलेला शब्द नीट केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

७ फेब्रुवारी

आज फिटर चिंधूभाऊंबरोबर बोडीटोल्याला गेलो. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि मोटरसायकल चालवताना संपूर्ण रस्ता मागे वळून बोलतात. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका ओळीत पंपांच्या खोल्या आहेत. प्रत्येकीत एक खोल विहीर, तलावाचं पाणी खालून तिच्यात येतं. वर मोटर, मोटरपासून खालपर्यंत लांब लोखंडी दांडा, टोकाला पाणी ओढणारा पंखा. त्या पंख्याला बेशरमच्या झुडपांची मुळं आणि शेवाळ गुंडाळलं जातं. ते हाताने काढायला माणूस खाली उतरतो.

सात नंबरला चिंधूभाऊ उतरणार होते. त्यांनी मोटरचे फ्यूज उपसून माझ्या हातात दिले आणि सोबत एक जड पाना दिला. इथली रीत अशी आहे. खाली गेलेला माणूस पाण्याच्या पाइपवर दोन ठोके देतो. म्हणजे विचारतो, नक्की बंद आहे ना? वरच्याने फ्यूज डोळ्यांनी बघायचे आणि दोन ठोके परत द्यायचे. उत्तर आल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही. शेजारच्या पंपांचा आवाज इतका असतो की हाक खाली पोहोचत नाही, लोखंडच पोहोचतं.

मी म्हणालो, ऑफिसच्या स्क्रीनवर लाल दिसतंच की. ते म्हणाले, "तुही स्क्रीन इथं पाना घेऊन बसते काय बे?"

त्यांचे दोन ठोके आले, मी दोन दिले. छातीत काहीतरी छान वाटलं.

पाळीच्या टोकाला नऊ नंबरची खोली आहे, सगळ्यांत खोल भागावर. तिचं दार तारेने बांधलेलं आहे, खांबावरून वायर तोडलेली आहे. तिथे काय झालं असं विचारलं तर त्यांनी गाडीला किक मारली.

१२ फेब्रुवारी

विनोदचा प्रोग्राम वाचून संपवला. राग लिहून काढतो, नाहीतर जेवण जाणार नाही.

मिस्ड कॉल दिला आणि पेटीचं उत्तर आलं नाही, तर दोन गोष्टी झालेल्या असू शकतात. एक, कॉल पोहोचलाच नाही. दुसरी, कॉल पोहोचला, मोटर बंद झाली, आणि उत्तर वाटेत हरवलं. ऑफिसात बसलेल्याला यातलं कोणतं झालं ते कधीच कळत नाही. बोडीटोल्याला एकच टॉवर, तोही मनात आलं तर चालतो. म्हणजे हे रोज घडणार.

विनोदने काय केलं आहे? उत्तर आलं नाही की प्रोग्राम पुन्हा कॉल देतो. पहिल्या कॉलने मोटर बंद झाली असेल तर दुसऱ्याने ती चालू होणार. एवढं शाळेतल्या पोराला कळेल. आणि तरीही उत्तर आलं नाही, तर जो रंग मागितला होता तोच स्क्रीनवर रंगवतो. बंद करायला सांगितलं होतं ना, मग लाल. मोटर गरगर फिरत असली तरी लाल.

हा प्रोग्राम नाही. हे खोटं बोलणारं तोंड भिंतीवर टांगलं आहे.

१३ फेब्रुवारी

भाऊंना सांगितलं की एक पिवळा रंग लागेल. पिवळा म्हणजे माहीत नाही. मी समजावत होतो तेव्हा ते सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले, "माहीत नाही असं दाखवाले मी एवढी मोठी स्क्रीन घेतली काय? गिऱ्हाईक पाहून का म्हनल?" आणि पुढे म्हणाले की विनोदलाही असाच पिवळ्याचा किडा चावला होता.

म्हणजे विनोदला माहीत होतं. मग त्याने असा प्रोग्राम लिहून का दिला? आणि मग पळाला का?

२० फेब्रुवारी

कळलं.

दुपारी ऑफिसच्या जिन्यात एक बाई बसल्या होत्या. भाऊ भंडाऱ्याला गेले होते. मी पाणी दिलं. त्या देवकाबाई, बोडीटोल्याच्या. त्यांचे मालक परसराम इथे फिटर होते. ते विहिरीत उतरत आणि वर पाना घेऊन देवकाबाई बसत. नवराबायकोंनी मिळून वर्षानुवर्षं हे काम केलं. मग पेट्या आल्या, स्क्रीन आली. भाऊंनी वरच्या माणसाची मजुरी बंद केली आणि फ्यूजच्या डब्यांना कुलपं लावली, कारण मोटर ऑफिसवरूनच चालली पाहिजे. देवकाबाई म्हणाल्या, "मले सांगतलं, बाई, तू घरी राय, आता स्क्रीन पाहाते."

गेल्या वर्षी नऊ नंबरला परसरामने ऑफिसात फोन केला, मोटर बंद करा. बंद झाली. त्याने पुन्हा विचारलं, बंदच ना? ऑफिसातून उत्तर मिळालं, बंद आहे, उतर. तो उतरला. त्याने सवयीने पाइपवर ठोकलं असणार. वर कोणी नव्हतं. मग मोटर चालू झाली. त्याचा खांद्यावरचा दुपट्टा दांड्यात गेला आणि दुपट्ट्यामागून तो.

मी पुढचं त्यांना सांगितलं नाही, पण मला ते डोळ्यांसमोर दिसलं. पहिल्या कॉलने मोटर बंद झाली. उत्तर हरवलं. प्रोग्रामने पुन्हा कॉल पाठवला, टॉवर येत-जात होता म्हणून तो रांगेत अडकून राहिला, परसरामचा फोन तेवढा मधेच लागला. दरम्यान स्क्रीन लाल. टॉवर नीट आला, अडकलेला कॉल पोहोचला.

देवकाबाई दर महिन्याला येतात आणि एकच विचारतात. त्याला बंद आहे म्हणून कोणी सांगितलं? भाऊ जिन्यावरून त्यांना ओलांडून जातात.

२१ फेब्रुवारी

मी भाऊंना तोंडावर विचारलं. ते चिडले नाहीत, याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, हो, मीच सांगितलं. स्क्रीनवर लाल होतं, मी लाल वाचलं. "मी का खोटं बोललो?" आणि वर म्हणाले, परसराम पिऊन होता.

चिंधूभाऊ म्हणतात परसरामने आयुष्यात घेतली नाही. परसराम मेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या डब्यांची कुलपं दगडाने फोडली. भाऊंनी नवी लावली नाहीत. म्हणजे त्यांनाही माहीत आहे.

४ मार्च

नवा प्रोग्राम तयार. आता आधी पेटीला विचारायचं, तू चालू की बंद. मग एकदाच कॉल. मग पुन्हा विचारायचं. उत्तर नाही आलं तर पिवळा, आणि तिथेच थांबायचं. पुन्हा कॉल नाही. भाऊ लग्नाला गोंदियाला गेले आहेत तेवढ्यात बसवून टाकला. आल्यावर शिव्या देतील, देऊ देत.

दिवसभरात, बंद करायला सांगितलेला तीन नंबर पिवळा झाला. चिंधूभाऊंनी जाऊन पाहिलं, मोटर चालू होती. जुन्या प्रोग्रामने लाल दाखवलं असतं. भिंतीकडे बघून मी मोठ्याने हसलो.

६ मार्च

स्क्रीनवर आठ चौकोन असायला हवेत. नऊ आहेत.

नववा पिवळा आहे. नऊ नंबर मी यादीत घेतलेलाच नाही. विनोदच्या फायलीतून राहून गेला असेल म्हणून सगळं ओळ न ओळ तपासलं. कुठेच नाही. चौकोन पुसला. चहा पिऊन आलो तर पुन्हा.

माझीच चूक असणार. अजून शोधतो.

८ मार्च

नऊ नंबरची पेटी ऑफिसच्या कपाटात पोत्यात आहे, हे चिंधूभाऊंनी सांगितलं. काढून उघडली. सिम नाही. बॅटरी नाही. आत ओला गाळ होता. कपाट कोरडं, पोतं कोरडं, पेटीच्या आत ओला गाळ, तळ्याच्या वासाचा.

भाऊ परत आले. पिवळा पाहिला. आधी जुना प्रोग्राम लाव म्हणाले. मी नाही म्हणालो. मला वाटलं नोकरी गेली. पण त्यांनी चौकोन मोजले, नववा दिसला, आणि पुन्हा बोटाने मोजले. नंतर म्हणाले, मस्करी करतोस काय माझ्याशी. मी पेटी उघडून दाखवली. ते सुपारी विसरून गेले.

१३ मार्च

मोबाइलवर दोनदा वाजून कट होतं. दोनच वेळा. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा. नंबर नऊ नंबरच्या जुन्या सिमचा आहे. उलट फोन केला तर बाईचा आवाज, हा नंबर अस्तित्वात नाही.

एकदा मी कट व्हायच्या आत उचलला. पाण्याचा आवाज. मग लोखंडावर दोन ठोके. मग वाट बघितल्यासारखी शांतता. मग दोन ठोके.

त्यालाही उत्तर आलेलं नाही. तोही पुन्हा पुन्हा विचारतो आहे. त्याच्या विचारण्याला थांबायची वेळ कोणी लिहूनच दिली नाही.

मला भीती वाटायला हवी. वाटते. पण भीतीच्या खाली राग आहे आणि तो जास्त मोठा आहे.

१९ मार्च

चिंधूभाऊ आज पाच नंबरवरून न उतरताच परत आले. पाइपवर ठोके येत होते. विहिरीत कोणी नव्हतं.

देवकाबाईंना सांगायला गेलो. त्या रडल्या नाहीत. भात शिजत होता, त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाल्या, "त्याले तू उत्तर देऊ नको, बाबू. उत्तर भेटलं का तो हात घालते." मग म्हणाल्या, तो माझ्या किंवा तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. ज्याने उतर म्हणून सांगितलं, त्याची बघतो आहे.

२८ मार्च

तलाव खाली गेला. आठही पंप गाळ ओढत आहेत. धान पोटरीत आलं आहे, लोंबी अजून आतच आहे, पाणी नाही मिळालं तर पोचट जाईल. लोक ऑफिसात येऊन भाऊंच्या टेबलावर हात आपटतात. पाणी आता एकाच ठिकाणी पोहोचतं. नऊ नंबरला.

४ एप्रिल

भाऊंनी नऊ नंबरची वायर जोडून घेतली. पंखा वर्षभराच्या मुळांनी बांधला गेला आहे. चिंधूभाऊंना उतर म्हणाले. त्यांनी गाडीची किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "मी नाई. तुमीच पाहा लाल हाय का हिरवं."

मग भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मी वर बसेन. दुसरं काही करणार नाही.

८ एप्रिल

सगळे चौकोन पिवळे. चालू असलेले, बंद असलेले, सगळे. एकही पेटी उत्तर देत नाही. की उत्तरं दुसरीकडे जात आहेत —

भाऊ ओरडले, हे तूच केलंस, तुझ्या त्या ‘माहीत नाही’ने. भिंतीवरची स्क्रीन त्यांनी उपटून काढली. वायर लोंबते आहे. स्क्रीन जमिनीवर पालथी. कडेने पिवळा उजेड अजून येतो.

९ एप्रिल

गावात कोणीही उतरायला तयार नाही. भाऊ म्हणतात, मी स्वतः उतरतो. काही नसतं, तुम्ही सगळे भित्रे. दुपट्टा काढून ठेवीन, मग काय धरेल.

मी सांगितलं, उतरू नका. तेरा वेळा सांगितलं असेल. नाही, मोजलं नाही. खूप वेळा. मला त्यांचा राग आहे, पण त्यांनी उतरावं असं मला वाटत नाही.

वाटतं का? नीट लिही, धम्मदीप. खोडू नकोस.

थोडं वाटतं.

१० एप्रिल

आईचा फोन. चौदा तारखेला जयंतीला लवकर घरी ये, पांढरा सदरा धुऊन ठेवला आहे. येतो म्हणालो.

मध्येच दोनदा वाजून कट. आईशी फोनवर बोलत असताना —

११ एप्रिल, बोडीटोला, नऊ नंबर

सकाळ. दार उघडलं. देवकाबाई उंबऱ्याशी येऊन बसल्या आहेत. भाऊ त्यांना म्हणाले, ये बाई, पाहून घे, काय नसते ते. चिंधूभाऊ बाहेर, गाडीजवळ.

फ्यूज मी उपसले. तीन. माझ्या डाव्या खिशात आहेत. पाना हातात.

भाऊ उतरले. ही वही मांडीवर घेतली आहे.

खाली त्यांच्या बॅटरीचा उजेड दिसतो. पाण्याच्या वर.

दोन ठोके. भाऊंचे. त्यांनी ठोकले, मला दिसलं.

फ्यूज खिशात आहेत. बघितले. तीन. ठोकायला पाना उचलला आणि दुसरा हात मोटरवर टेकला. मोटर गरम आहे. गरम का —

मोबाइलवर मेसेज. नऊ: चालू.

फिरत नाही. दांडा स्थिर आहे. डोळ्यांना स्थिर दिसतो. फ्यूज खिशात. पण गरम. बंद आहे की चालू, मला माहीत नाही. माहीत नाही याचा ठोका नाही. असा ठोका कोणी ठरवलाच नाही

ओरडतो आहे, वर या. ऐकू जात नाही. चिंधूभाऊही ओरडत आहेत. मी उतरलो तर वर कोणी नाही.

पुन्हा दोन ठोके. भाऊंचे.

उत्तर नाही तर हात नाही. त्यांना माहीत आहे. नाही ठोकायचं. नाही ठोकलं की ते वर येतील. राग नको. आत्ता राग नको. पाना खाली, मांडीवर —

पाइपवर दोन ठोके. उत्तराचे. खालून. त्यांच्याही खालून.

बॅटरीचा उजेड पंख्याकडे वळला

देवकाबाई माझ्याकडे बघत आहेत, पाना माझ्या मांडीवर आहे, सगळ्यांना दिसतो आहे, मी नाही ठोक